दोन गावं, दोन ठराव

दापोलीहून मुरुडला निघालेली गाडी आसूदच्या उतारावर वळली, की हवा पालटते. वरचं पठार उघडं, तांबड्या मातीचं, वाऱ्याचं. खाली उतरावं तसा पोफळींचा गारवा अंगावर येतो, जांभ्याच्या गडग्यांवर शेवाळ दिसू लागतं आणि डोंगरातून खेळवत आणलेल्या पाण्याची खळखळ रस्त्यापर्यंत ऐकू येते. पुढे खारा वारा लागला की मुरुड आलं. लांबलचक सरळ रस्ता, दोन्ही अंगांना घरं, घरांमागे नारळी-पोफळीची आगरं, आगरांपलीकडे सुरूची झाडं आणि मग घट्ट वाळूचा सपाट किनारा. दर चार घरांआड ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी रस्ता भरतो. माणसं डॉल्फिन बघतात, उकडीचे मोदक खातात, भिजून परत जातात.

मी आले होते ती एका ठरावासाठी. १८९३ साली या गावाने आपल्याच एका मुलाला वाळीत टाकलं होतं. त्याचं स्मारक आज गावातच आहे, त्याच्या नावाने गाव ओळखलं जातं आणि ते नाव सांगताना गावकऱ्यांचा आवाज चढतो. हे मधलं अंतर कसं कापलं गेलं, हे मला त्या जागी उभं राहून समजून घ्यायचं होतं.

तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे, पुढचे महर्षी कर्वे. जन्म १८५८ चा, शेरवलीचा, वाढले मुरुडात. गरिबीचं घर, शिकायची जबर ओढ. १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत पायी गेला. शंभराहून अधिक मैलांची चाल. तिथे पोहोचल्यावर तो वयाने लहान दिसतो, सतरा वर्षांचा वाटत नाही, म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे मुंबईत शिकवण्या करत तो पदवीधर झाला आणि १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागला. गावाशी नातं तुटलं नव्हतंच. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुरुडकरांकडून पैसे गोळा करून गावाच्या कामांसाठी त्याने ‘मुरुड फंड’ उभा केला होता. म्हणजे गावाला अभिमान वाटावा असा मुलगा.

१८९१ मध्ये त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. दुसरं लग्न करायचं तर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळाली असती. पस्तिशीच्या विधुराने तसं करण्यात कुणाला काही वावगं दिसलं नसतं. कर्व्यांनी ते नाकारलं. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी पुण्यात लग्न केलं. गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. लोक त्यांना बाया कर्वे म्हणत.

नवराबायको मुरुडला आले आणि गावची सभा भरली. ठरलं ते असं: कर्व्यांबरोबर कुणी एका जाजमावर बसायचं नाही, ते असतील त्या सभेला जायचं नाही, आणि घरच्यांनी त्यांना घरात राहू दिलं तर त्या घरालाही वाळीत टाकायचं. तिसरं कलम सगळ्यांत कठोर आहे. पहिल्या दोन कलमांत शिक्षा एकाच माणसाला आहे. तिसऱ्यात आई आणि भाऊ या दोघांनाच पहारेकरी नेमलं आहे. मुलाला उंबऱ्यात घेतलं तर आपल्याकडे श्राद्धाला भटजी येणार नाही, घरातल्या मुलींची लग्नं जमणार नाहीत, पंगतीत पान मांडलं जाणार नाही, हे आईला ठाऊक असणार. बहिष्काराची सगळी ताकद यातच असते: दूरच्या माणसाच्या रागापेक्षा जवळच्या माणसाच्या भीतीवर तो चालतो.

ही काही मुरुडची एकट्याची गोष्ट नव्हे. तीनच वर्षं आधी, १८९० मध्ये, पुण्यात पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून गहजब झाला. एरवी सुधारणेच्या प्रश्नांवर एकमेकांच्या विरोधात उभे असलेले रानडे आणि टिळक या एका ग्रामण्यात, म्हणजे जातबहिष्काराच्या वादात, दोघेही सापडले. शंकराचार्यांकडून चौकशी झाली आणि दोघांनीही प्रायश्चित्त घेतलं. चहाला प्रायश्चित्त होतं. कर्व्यांना प्रायश्चित्त घ्यायचं तर बायको सोडावी लागली असती.

मी जिथे उतरले होते त्या घरचे काका सत्तरी ओलांडलेले. सकाळी पडवीत सुपारी सोलत बसले होते. अडकित्ता बाजूला, समोर सोललेल्या सुपाऱ्यांचा ढीग. ठरावाचा विषय काढला तेव्हा त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणाले, “आमच्या पणजोबांच्या पिढीतलं कुणीतरी त्या सभेत असणारच. नाव नाही सांगता येत. पण नसतं, तर नवल.” मग थोड्या वेळाने, “वाईट माणसं नव्हती हो ती. गावात कुणाकडे आग लागली तर धावणारी माणसं. त्यांना खरंच वाटत होतं की हे होऊ दिलं तर सगळं बुडेल.”

हे वाक्य मी नंतर पुष्कळ दिवस मनात घोळवलं, कारण ते खरं आहे. नियम मोडणाऱ्याला ठेचणारी माणसं बहुतेक वेळा दुष्ट नसतात. घाबरलेली असतात. एक वीट निघाली तर घर पडेल असं त्यांना वाटतं. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की हे घर पूर्वीही कितीदा उतरवून पुन्हा बांधलेलं आहे.

गावाच्या दुर्गादेवीच्या देवळात गेले. जुनं, कौलारू, लाकडी खांबांवरचं नक्षीकाम बोटांनी चाचपत राहावं असं. सभामंडप थंड होता. अशाच मंडपांत जाजम अंथरून गावोगावचे निर्णय होत आले. त्या जाजमावर कोण बसत होतं? पुरुष. एका जातीचे, घरदार असलेले, वयाने मोठे. ज्या प्रश्नावर सभा होती तो प्रश्न ज्यांच्या अंगावरून गेला होता त्यांच्यापैकी कुणी तिथे नव्हतं. गावात तेव्हा डोक्यावर आलवणाचा पदर ओढून माजघरात वावरणाऱ्या किती पोरी आणि बाया असतील. त्यांना कुणी विचारलं नाही. आनंदीबाईंनाही नाही. पुढे त्यांनी स्वतः आपली हकिकत सांगितली आणि ती ‘माझे पुराण’ या नावाने पुस्तकरूपात आली, म्हणून निदान त्यांचा आवाज तरी आपल्यापर्यंत पोहोचला.

संध्याकाळी हर्णैला गेले. मुरुडपासून अगदी जवळ. भरतीच्या रेषेपर्यंत बैलगाड्या आणि टेम्पो उतरलेले, होड्यांतून टोपल्या येताहेत, पलीकडे समुद्रात सुवर्णदुर्ग. मासळीचा लिलाव चालला होता. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग वाळूवर मांडलेले आणि त्यांच्याभोवती बायकांची कोंडाळी. एक बाई कमरेला पदर खोचून व्यापाऱ्याला ठणकावत होती. तो भाव पाडत होता, ती मान हलवत होती. शेवटी त्याने तिचा आकडा मान्य केला आणि तिने नोटा मोजून चोळीत खुपसल्या. आसपासच्या पुरुषांना त्यात काही विशेष वाटलं नाही. बाजार बाईचा, पैसा बाईच्या हातात, आवाज बाईचा. इथे हीच रीत.

मुरुडच्या ठरावाकडे मी त्या वाळूवरून पुन्हा पाहिलं. कर्व्यांनी केलं त्यावरून झालेला आकांत फक्त काही घरांपुरता होता. त्याच तालुक्यात, त्याच वर्षी, कुणबी, कोळी, भंडारी आणि अशा कितीतरी जातींत विधवेचं दुसरं लग्न चालू रीत होती. त्याला पाट म्हणत, कुठे म्होतूर. पहिल्या लग्नाइतका थाट नसे. बहुधा रात्री, थोड्या माणसांत उरकत. पण घर पुन्हा उभं राही आणि मुलांना बाप मिळे. मराठेशाहीत सरकार पाटावर कर घेत असे, त्याचं नाव पाटदाम. ज्या गोष्टीवर सरकार कर बसवतं ती गोष्ट समाजात सर्रास चालते, याहून मोठा पुरावा कोणता? म्हणजे एकाच गावच्या एका आळीत जी गोष्ट धर्म बुडवणारी होती, ती पलीकडच्या वाडीत संसाराची सोय होती. पाऊस एक, दर्या एक, देवीची जत्रा एक. विधवेचं नशीब मात्र आळीगणिक वेगळं.

इथेच एक उलटा प्रवासही घडला. एकोणिसाव्या शतकात ज्या घराण्यांना वरचं स्थान मिळवायचं होतं त्यांनी पाट बंद केला. विधवेने पुन्हा लग्न न करणं ही प्रतिष्ठेची खूण झाली. कायद्यानेही यात भर घातली. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवांचा पुनर्विवाह वैध केला हे आपण शाळेत शिकतो. त्याच कायद्यात पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपेल असं कलम होतं, हे फारसं सांगितलं जात नाही. ज्या जातींत पाट आधीपासून रूढ होता त्यांनाही हे कलम लागू होतं, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने लावला. अलाहाबादच्या न्यायालयाने नेमका उलट लावला. एका ठिकाणी ज्या कायद्याने दार उघडलं त्यानेच दुसऱ्या ठिकाणच्या बाईची जमीन काढून घेतली. काळ पुढे सरकतो तशी मोकळीक वाढत जाते, असा आपला एक भाबडा समज असतो. तो मी हर्णैच्या वाळूवर सोडून दिला. नियम पुढे जातात तसे मागेही जातात. कधी ढिले होतात, कधी आवळले जातात. आणि प्रत्येक वेळी ‘हे पूर्वापार असंच आहे’ असंच सांगितलं जातं.

‘पूर्वापार’ म्हणजे किती, हे मोजायला दापोलीच सोयीची आहे. याच दापोलीत शिकलेल्या पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. १९३० ते १९६२ हा त्याच्या प्रकाशनाचा काळ, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. त्या ग्रंथात कलिवर्ज्यांची चर्चा आहे. जुन्या काळी ज्या गोष्टी शास्त्रसंमत होत्या, पण कलियुगात वर्ज्य ठरवल्या गेल्या, त्यांची लांबलचक यादीच निबंधकारांनी केली होती. नियोग, थोरल्या मुलाला वाटणीत जादा हिस्सा, मधुपर्कातला पशुवध, वेगळ्या वर्णातल्या मुलीशी विवाह, विधवेचं पुन्हा लग्न, समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाला जातीत घेणं. एकेकाळी चालत होतं, आता चालणार नाही, असं परंपरेनेच लिहून ठेवलं. सनातनी मंडळी ज्या ग्रंथांच्या आधाराने रूढी अचल आहे म्हणत, तेच ग्रंथ रूढी बदलली याची नोंद ठेवत होते. आणि नवरा मेला, परागंदा झाला, संन्यासी झाला तर स्त्रीने दुसरा पती करावा अशी मुभा पराशरस्मृतीत होतीच. तिच्याच आधाराने ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बंगालमध्ये १८५५ साली वाद मांडला होता.

आज समुद्र ओलांडणं हा कोकणातल्या प्रत्येक घराचा अभिमान आहे. मी राहत होते त्या घरातला नातू दुबईत, नात कॅनडात. काका व्हॉट्सॲपवर त्यांना सुपारीचा ढीग दाखवतात. यातलं कुणी परत आल्यावर प्रायश्चित्त म्हणून पंचगव्य घेत नाही.

मुरुडची गोष्ट बापाबरोबर संपत नाही. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ याच गावात १८८२ मध्ये जन्मला. हाही गणिताचाच प्राध्यापक. १९२१ मध्ये त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेच हे साल. या कामापायी त्याला महाविद्यालयातली नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्याने ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. बाईच्या शरीराबद्दल, तिच्या सुखाबद्दल, नको असलेल्या बाळंतपणांबद्दल तो सरळ मराठीत लिहीत राहिला. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्याची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तोही फेटाळला गेला. ज्या सुधारकांनी बापाला पाठिंबा दिला होता त्यांतल्याही अनेकांना मुलाचं काम ओंगळ वाटत होतं. कालचा बहिष्कृत आज मान्य होतो तेव्हा त्याच्याबरोबर नवी कुंपणंही उभी राहतात, आणि पुढच्या पिढीचा माणूस त्या कुंपणाबाहेर पडतो.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आपल्या मृत्यूच्या आदल्या वर्षी रघुनाथरावांनी आपला गुन्हा सरकारी धोरण झालेला पाहिला. पुढे लाल त्रिकोण गावोगावच्या दवाखान्यांच्या भिंतींवर आला. त्याहीपुढे आणीबाणीत माणसांना धरून नसबंदी झाली. आज महाराष्ट्रात ठरावीक तारखेनंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. मूल रोखायचं म्हणणारा तेव्हा समाजाचा शत्रू; तिसरं मूल होऊ देणारा आता सरपंचपदाला अपात्र. हा नियम येईपर्यंत मधे शंभर वर्षंही गेली नाहीत. यातला कुठला नियम बरोबर हा प्रश्न पुढचा. पण दोन्ही वेळी आपला नियम स्वयंसिद्ध आहे अशीच बोलणाऱ्याची खात्री होती, हे मात्र विसरता येत नाही.

मुरुडहून निघाले ती चिपळूणमार्गे कुंभार्ली घाट चढून. एसटीच्या खिडकीतून खाली कोकण मागे पडत होतं. सातारा पायी गाठणाऱ्या त्या मुलाची आठवण घाटात येतेच. पण मला जास्त आठवत होत्या दोन बहिणी. एक आनंदीबाई. दुसरी त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी होता आणि तिथे पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही याची कर्वे काळजी घेत. आईबापांनी विश्वासाने मुली पाठवायच्या तर तेवढं भान ठेवणं भाग होतं. स्वतः पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई त्यामुळे आश्रमाच्या दारापासून थोड्या लांबच राहिल्या. आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी गोळा केला तो पार्वतीबाईंनी. विधवेच्या वेषात, केस काढलेल्या डोक्याने. लोकांना त्यांच्या रूपात ओळखीची मर्यादा दिसे, म्हणून लोक ऐकून घेत. एक नियम अंगावर बाळगून त्यांनी दुसरा मोडला. पुढे त्यांनी केशवपनही सोडलं आणि आश्रमाच्या कामासाठी थेट अमेरिका गाठली. रूढीशी झगडण्याचे हे दोन मार्ग एकाच घरात होते, आणि दोघींनीही त्याची किंमत मोजली. यातला कुठला मार्ग श्रेष्ठ हे सांगायचा अधिकार आपल्याला नाही.

केशवपनाचा विषय निघाला की मला मुंबईच्या न्हाव्यांची आठवण ठेवावीशी वाटते. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. ज्या हातांनी रूढी चालते ते हातच मागे घेतले तर ती किती उघडी पडते! तिथेही ठराव होता. फक्त जाजमावर बसलेली माणसं वेगळी होती.

मला आता दुसऱ्या ठरावाच्या गावी जायचं होतं. कऱ्हाडहून कोल्हापूर, तिथून शिरोळ तालुका. कोकणातून आल्यावर डोळ्यांना सपाटी खटकते. उसाचे फड, काळी माती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. नरसोबावाडीला कृष्णा आणि पंचगंगा भेटतात आणि पूर येतो तेव्हा याच भागात येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांची पाण्याची रेषा लोक अजून भिंतींवर दाखवतात. कुरुंदवाडच्या पुढे हेरवाड.

४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं, शुभकार्यातून तिला बाजूला ठेवणं, हे गावात होणार नाही. साल होतं राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं. याच शाहूंनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला होता. मागे करोना होऊन गेलेला, गावोगाव तरुण विधवा झालेल्या. ठराव मांडला एका बाईने आणि त्याला अनुमोदन दिलं दुसऱ्या बाईने. दोन आठवड्यांच्या आत, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठराव झाला म्हणजे प्रथा गेली, असं मानून मी गेले नव्हते. एका घरी चहाला बसले. घरातली सून चाळिशीची, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, कपाळावर लाल टिकली. मी टिकलीकडे पाहिलं ते तिच्या ध्यानात आलं. म्हणाली, “ताई, ठराव झाला म्हणून काय लगेच दुसऱ्या दिवशी लाल लावली न्हाई. आधी काळी लावली, बारीक. चार म्हैनं कुणी काय बोलतंय का बघितलं. मग मरून. मग लेकीच्या बाळाच्या बारशाला लाल लावली, तवा सासूनंच डबीतनं काढून दिली.” सासू शेजारीच शेंगा फोडत बसली होती. तिच्या स्वतःच्या कपाळावर काही नव्हतं. मी विचारलं, “आई, तुम्ही?” ती म्हणाली, “माझं आता काय राहिलंय. पण हिचं कशाला मोडायचं?” आणि शेंगा फोडत राहिली.

काळी, मरून, लाल. बारीक ठिपक्यांनी सुरू झालेला हा प्रवास मला कुठल्याही घोषणेपेक्षा खरा वाटला. नियम बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, ते त्या कपाळावर वाचता येत होतं. कुणीतरी कागदावर आधार लिहून देतं. मग एक बाई भीत भीत अर्धं पाऊल टाकते, आजूबाजूला पाहते, कुणी अंगावर आलं नाही तर पुढचं टाकते. आणि ज्या सासूने स्वतः सगळं सोसलं ती सुनेच्या आड येत नाही. कुणाला हे फार थोडं वाटेल. मला ते प्रचंड वाटतं. जे आपल्याला मिळालं नाही ते पुढचीला मिळू देणं, यात मनाचा जो मोठेपणा लागतो तो कुठल्याही परिपत्रकाने येत नाही.

दोन गावांत एकशे एकोणतीस वर्षांचं अंतर आहे. साधन मात्र एकच: गावाने एकत्र बसून केलेला ठराव. मुरुडमध्ये त्याने एका विधवेच्या नव्या संसाराची वाट अडवली. हेरवाडमध्ये विधवांच्या वाटेतला काटा काढला. म्हणून गावकी वाईट किंवा परंपरा वाईट असं म्हणून भागत नाही. गाव एकत्र बसणं हीच आपली मोठी शक्ती आहे. ती कुणाच्या बाजूने वापरली जाते हे सगळं ठरतं ते जाजमावर कोण बसलं आहे यावरून. मुरुडच्या सभेत ज्यांच्याविषयी बोलायचं त्या नव्हत्या. हेरवाडच्या सभेत त्या बोलत होत्या.

कुणी म्हणेल, मग काय, प्रत्येक नियम मोडणारा उद्याचा महर्षी समजायचा? तसं नाही. मारहाण, फसवणूक, बालविवाह यांनाही आपापल्या काळी आणि आपापल्या समाजात रूढीचा आधार मिळत आलेला आहे. ‘आमच्यात असंच असतं’ हे वाक्य बालविवाह लावणाराही म्हणतो. रीती बदलत्या असतात म्हणून सगळ्या सारख्या ठरत नाहीत. परीक्षा साधी आहे. नियम मोडल्याने खरोखर कुणाला इजा होते, की फक्त कुणाचा मान दुखावतो? आणि नियम पाळल्याची किंमत कोण चुकवतं? कर्व्यांच्या लग्नाने मुरुडात एकाही माणसाचं काही बिघडलं नाही. ज्या रूढीने ते लग्न रोखलं जात होतं तिने मात्र हजारो मुलींचं आयुष्य माजघरात संपवलं. ही परीक्षा १८९३ मध्येही करता आली असती. त्यासाठी शंभर वर्षं थांबायची गरज नव्हती.

महाराष्ट्राने ही परीक्षा अलीकडे कायद्यात आणली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला आणि तो २०१७ मध्ये अंमलात आला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. माणसाला वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुरुडचा ठराव आज कुणी केला तर ठराव करणारी सगळी सभा आरोपी होईल. पण कायदा करावा लागला याचाच अर्थ जाजमं अजून अंथरली जात आहेत. रायगड-रत्नागिरीतल्या गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी आणि जातपंचायतींनी आंतरजातीय लग्नावरून मोडलेली घरं ही वर्तमानपत्रांतली ताजी बातमी आहे. आणि कधी बहिष्कार कायदाच घालतो. दंडविधानाचं कलम ३७७ ब्रिटिशांनी १८६० मध्ये लिहिलं. समलिंगी संबंधांना त्यातून सर्वोच्च न्यायालयाने मोकळं केलं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. एवढ्या काळात कितीजण गुन्हेगार म्हणून जगले आणि मेले, त्यांचं स्मारक कुठल्या गावात आहे?

कर्व्यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. त्यांच्या हयातीतच त्यांचं टपाल तिकीट निघालं. ते दीर्घायुषी होते म्हणून हे पाहायला उरले. रूढी मोडणाऱ्या बहुतेकांना एवढं आयुष्य मिळत नाही, आणि समाजाने उशिरा दिलेला मान त्यांच्या काही कामाचा नसतो. म्हणून मुरुडच्या स्मारकापुढे हात जोडून मला समाधान वाटलं नाही. आपल्या घरात, सोसायटीत, भावकीत आज कुणाशी बोलायचं नाही असं ठरलं आहे, कुणाच्या लग्नाला जायचं नाही असं ठरलं आहे, त्या ठरवण्यात आपण बसलो होतो का, आणि ज्याच्याविषयी ठरलं त्याला बोलावलं होतं का, हे विचारणं हाच कर्व्यांना द्यायचा मान आहे. तो आजच देता येतो, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.